गॅलहर: काळ्या जर्सीतला सार्जंट

न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर, बे ऑफ प्लेंटीच्या किनाऱ्याला काटीकाटी नावाचं गाव आहे. जॉर्ज व्हीसी स्ट्यूअर्ट या आयरिश गृहस्थाने ते १८७५ साली वसवलं. आयर्लंडच्या उत्तरेकडच्या अल्स्टर प्रांतातल्या प्रोटेस्टंट कुटुंबांना जमिनीची आशा दाखवायची, जहाजं भरून त्यांना इथे आणायचं आणि पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला एक छोटं अल्स्टर उभं करायचं, अशी त्याची योजना होती. ती जमीन ओसाड पडलेली नव्हती. १८६४ साली टाउरंगा भागात ब्रिटिश फौज आणि तिथले मूळ रहिवासी माओरी यांच्यात लढाया झाल्या होत्या. त्यानंतर सरकारने माओरींच्या जमिनी काही जप्तीने, काही दडपणाखालच्या खरेदीने काढून घेतल्या, आणि त्यांतल्याच काही आयर्लंडहून आलेल्यांच्या वाट्याला आल्या. पुढे ज्या संघाने न्यूझीलंडला जगाच्या नकाशावर ठळक केलं, त्याच्या कप्तानाची गोष्ट इथून सुरू होते. तिच्या मुळाशी असलेला हा अन्याय सांगितल्याशिवाय ती पुरी होत नाही.

१८७८ मध्ये ‘लेडी जोसेलिन’ जहाजातून जे लोक उतरले, त्यांत डॉनिगॉल परगण्यातल्या रॅमेल्टन गावचं गॅलगर कुटुंब होतं. बाप जेम्स दुकानदार आणि वयाने उतरणीला लागलेला. आई मारिया त्याच्याहून बरीच तरुण. मुलांचं खटलं मोठं. त्यांतला डेव्हिड ३० ऑक्टोबर १८७३ चा, म्हणजे पाच वर्षांचाही पुरता नव्हता. नव्या देशात आडनावातलं एक अक्षर गळालं आणि ते गॅलहर झाले. जमीन मिळाली ती कसाची नव्हती, आणि ती लागवडीखाली आणायला हातात भांडवल नव्हतं. साठी ओलांडलेल्या दुकानदाराने रान तोडून शेती करायची, हा बेतच मुळात फसवा होता. घर तगलं ते मारियामुळे. १८७९ च्या जानेवारीत तिला गावच्या दुसऱ्या शाळेत मास्तरणीची नोकरी मिळाली, आठवड्याला दोन पौंड पगारावर. पोरं शिकवायची, घरी येऊन स्वतःची सांभाळायची आणि मधल्या काळात आणखी बाळंतपणं काढायची, अशी सात-आठ वर्षं तिने काढली. १८८६ मध्ये कर्करोगाने तिला गाठलं, नोकरी गेली, आणि पुढच्या सप्टेंबरात ती वारली. तेरा वर्षांच्या डेव्हने शाळा सोडली आणि गावातल्या एका जनावरांच्या व्यापाऱ्याकडे कामाला लागला.

थोरले भाऊ आधीच ऑकलंडला पोचले होते. धाकट्यांना घेऊन डेव्हही तिकडे गेला. तिथे त्याने आधी पिठाच्या गिरणीत काम केलं, मग मांस गोठवून इंग्लंडला पाठवणाऱ्या कंपनीच्या कारखान्यात. मांस गोठवण्याच्या तंत्राने न्यूझीलंडचं नशीब फिरवलं ते याच काळात. मेंढ्या इथे कापायच्या, मांस गोठवायचं आणि अर्धी पृथ्वी ओलांडून लंडनच्या बाजारात विकायचं. दिवसभर गोठलेले सांगाडे खांद्यावर वाहून डेव्हचं अंग दणकट झालं. सहा फूट उंची, रुंद छाती, मिशा आणि फारसं न बोलणारा चेहरा. तो मुकादम झाला. शनिवारी दुपारी मात्र तो रग्बी खेळायचा, आणि १८९५ पासून पॉन्सनबी क्लबकडून.

रग्बी आपल्याकडे फारशी कोणी पाहिलेली नसते, म्हणून दोन वाक्यं. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा खेळाडू. चेंडू हातात घेऊन पळायचं, प्रतिस्पर्ध्याने धरून पाडायच्या आत मागच्या साथीदाराकडे फेकायचा (पुढे फेकायला बंदी), आणि समोरच्या रेषेपलीकडे तो जमिनीला टेकवायचा. हा टेकवलेला चेंडू म्हणजे ‘ट्राय’, त्याचे तेव्हा तीन गुण मिळत. खेळ थांबला की दोन्हीकडचे धिप्पाड गडी डोकी वाकवून, खांद्याला खांदा भिडवून एकमेकांना रेटतात आणि मध्ये टाकलेला चेंडू पायाने मागे ओढतात. तो ‘स्क्रम’. भारताशी या खेळाचं एक चांदीचं नातं आहे. कलकत्त्यातला इंग्रजांचा रग्बी क्लब मोडला, तेव्हा सभासदांनी बँकेतले उरलेले चांदीचे रुपये वितळवून एक चषक घडवला आणि १८७८ मध्ये तो इंग्लंडला भेट दिला. इंग्लंड आणि स्कॉटलंड आजही त्या कलकत्ता कपसाठी खेळतात.

इंग्लंडात या खेळाचा कारभार पब्लिक स्कूलमधून बाहेर पडलेल्या साहेबलोकांच्या हातात होता. उत्तरेकडच्या खाणी-गिरण्यांतल्या कामगारांनी, सामन्यासाठी बुडालेली मजुरी भरून द्या, एवढी साधी मागणी केली. ती फेटाळली गेली आणि १८९५ मध्ये उत्तरेचे क्लब वेगळे झाले. त्यामुळे इंग्लंडने आपले सगळ्यात तगडे खेळाडू स्वतःच्या हाताने घालवले. वेल्समध्ये खाणकामगार आणि डॉक्टर-वकील एकाच संघात खेळत राहिले. दहा वर्षांनी काय घडलं त्याचं निम्मं उत्तर इथे आहे.

न्यूझीलंडमध्ये साहेब आणि मजूर यांच्यात एवढी भिंत नव्हती. मोची, लोहार, शेतकरी, कारकून एकत्र खेळत. त्यामुळे खेळाकडे पाहण्याची नजरच वेगळी होती. कारागीर आपलं काम कसं जास्त चोख होईल याचा विचार करतो, तसा विचार हे लोक खेळाचा करत.

गॅलहरचं खेळाडू म्हणून नाव होत होतं तेवढ्यात युद्ध आलं. १८९९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत ब्रिटिश आणि बोअर यांच्यात लढाई पेटली, आणि न्यूझीलंडने उत्साहाने घोडदळाच्या एकामागून एक दहा तुकड्या पाठवल्या. जवळजवळ साडेसहा हजार माणसं गेली. जानेवारी १९०१ मध्ये गॅलहर सहाव्या तुकडीत भरती झाला. नाव नोंदवताना त्याने जन्मसाल १८७३ ऐवजी १८७६ सांगितलं आणि लष्कराच्या कागदांवर ते तसंच राहिलं. तोवर समोरासमोरच्या लढाया संपल्या होत्या. बोअर गनिमी काव्याने लढत होते आणि ब्रिटिश फौज त्यांची शेतघरं जाळून, बायकामुलांना छावण्यांत कोंडून त्यांचा आधार तोडत होती. घोड्यावरून मैलोन्‌मैल माग काढायचा, रात्री उघड्यावर काढायच्या, असं ते सैनिकाचं जिणं. मलेरियाने त्याला काही काळ इस्पितळात ठेवलं. पुढे तो दहाव्या तुकडीतही राहिला आणि स्क्वाड्रन सार्जंट मेजर झाला. ती तुकडी पोचते न पोचते तोच तह झाला, आणि उरलेला वेळ तिथल्या पलटणींच्या संघांशी रग्बी खेळण्यात गेला. १९०२ मध्ये तो घरी आला तेव्हा माणसांना हुकूम कसा द्यायचा, आणि हुकूम देण्याआधी त्यांचा विश्वास कसा मिळवायचा, हे शिकून आला होता.

१९०३ मध्ये न्यूझीलंडने सिडनीत पहिला कसोटी सामना खेळला आणि ऑस्ट्रेलियाला २२-३ असं हरवलं. गॅलहर त्या संघात होता. पुढच्या वर्षी ब्रिटिश बेटांचा संघ वेलिंग्टनला येऊन ९-३ ने हरला. मग ठरलं, आता आपणच तिकडे जायचं.

१९०५ च्या जुलैअखेर ‘रिमुटाका’ जहाज सत्तावीस खेळाडू घेऊन वेलिंग्टनहून निघालं. दौरा सुरू होण्याआधीच भांडणाने मूळ धरलं. न्यूझीलंडच्या रग्बी मंडळाने गॅलहरला कप्तान आणि साउथलंडच्या बिली स्टेडला उपकप्तान नेमलं होतं. ऑकलंडची माणसं डोक्यावर बसवली, अशी दक्षिणेकडच्यांची कुरकुर होती. सोबत पाठवलेल्या प्रशिक्षकावरूनही वाद होता. गॅलहरने यावर जे केलं त्यात मला त्याचा सगळा स्वभाव दिसतो. त्याने सभा बोलावली आणि सांगितलं, मी कप्तानपद सोडतो, तुम्हीच निवडा. स्टेडनेही तेच केलं. मतदान झालं आणि मंडळाचीच निवड १७ मतांनी कायम राहिली. कौल काही भरघोस नव्हता. पण त्यानंतर अधिकार मंडळाने दिलेला उरला नाही, संघाने दिलेला झाला.

मग डेकवर कसरत सुरू झाली. पुढच्या फळीचा ताबा गॅलहरने घेतला, मागच्या फळीचा स्टेडने. स्टेड धंद्याने मोची, डोक्याने बुद्धिबळपटू म्हणावा असा. त्याच्या अंगात नाय टाहू जमातीचं माओरी रक्त होतं. दोघांनी मिळून जे घडवलं ते तेव्हाच्या ब्रिटनमध्ये कोणी पाहिलं नव्हतं. ब्रिटिश संघांत स्क्रमला जो आधी पोचेल तो पुढे उभा राहायचा, बाकीचे येतील तसे मागे चिकटायचे. या लोकांनी प्रत्येकाची जागा पक्की केली: पुढे दोन, मध्ये तीन, मागे दोन. अशा सातजणांची पाचर समोरच्या आठांना फोडून चेंडू काढायची. वाचलेला आठवा माणूस स्क्रमच्या बाहेर राहून चेंडू आत टाकायचा आणि मग कडेला उभा राहून आपल्या गड्याला चेंडू उचलायला आडोसा द्यायचा. या जागेचं नाव विंग-फॉरवर्ड, आणि तिथे गॅलहर स्वतः उभा राहायचा. प्रत्येक डावाला खुणेचा शब्द ठरलेला होता. जर्सी काळी, छातीवर रुपेरी नेच्याचं पान, आणि खांद्याला चामड्याची पट्टी शिवलेली, म्हणजे धरणाऱ्याचा हात निसटावा. गॅलहर नडग्यांवर, मोज्यांच्या बाहेरून, जाड पॅड बांधायचा. कारण विंग-फॉरवर्डच्या नडगीवर समोरच्याचे बूट हमखास बसत. जुन्या फोटोंत ते पॅड स्पष्ट दिसतात.

१६ सप्टेंबरला एक्सेटरमध्ये पहिला सामना डेव्हनशी झाला. डेव्हन हा इंग्लंडातला नावाजलेला परगणा. निकाल ५५-४ लागला. तारेत आकडे उलटे पडले असावेत, असं काही वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत वाटलं, अशी हकीकत सांगितली जाते. सांगीवांगी असली तरी त्या दिवसाचा धक्का तिच्यातून कळतो. मग एकामागून एक संघ पडत गेले, बरेचसे एकही गुण न मिळवता. ‘ऑल ब्लॅक्स’ हे नाव याच आठवड्यांत वर्तमानपत्रांतून लोकांच्या तोंडी बसलं.

ब्रिटनला हे पराभव खेळापुरते वाटले नाहीत, याला कारण होतं. बोअर युद्धाच्या वेळी भरतीला आलेल्या शहरी तरुणांत इतके अशक्त निघाले की सरकारने ‘शारीरिक ऱ्हासा’ची चौकशी करायला समिती बसवली, तिचा अहवाल १९०४ मध्ये आला. पुढच्याच वर्षी वसाहतीतले शेतकरी आणि मजूर येऊन इंग्रजांना चीत करू लागले. धुरकट गल्ल्यांतली आपली जात खंगली, मोकळ्या हवेतली पोसली, असं पत्रांतून लिहून येऊ लागलं. न्यूझीलंडचे पंतप्रधान रिचर्ड सेडन यांनी ते हवं तसं वापरून घेतलं. पण माझ्या मते हवापाण्याचा मुद्दा फार ताणला गेला. हा संघ जिंकला तो पूर्वतयारीने. कोणी कुठे उभं राहायचं याचा आधी विचार केलेला संघ न केलेल्या संघापुढे उभा होता.

त्या विचाराची किंमत गॅलहरने एकट्याने मोजली. विंग-फॉरवर्ड नियमाच्या कडेवर उभा राहतो, आडवा येतो, ही फसवणूक आहे, असं ब्रिटिश प्रेक्षकांनी ठरवलं. मैदानामागून मैदानात त्याची हुर्यो झाली. वर्तमानपत्रांनी त्याला लबाड म्हटलं. त्याने आपली बाजू मांडली, डाव मात्र बदलला नाही. ज्याच्या नावाने शिट्ट्या घुमतात त्याने तितक्याच शांतपणे पुढच्या शनिवारी पॅड बांधायचे, हे सोपं नसतं.

स्कॉटलंडच्या मंडळाला वसाहतीतल्यांशी व्यवहार करणंच खालच्या दर्जाचं वाटत होतं. खर्चाची हमी द्यायला नकार देऊन त्यांनी सांगितलं, गेटचे पैसे तुम्हीच घ्या. हजारो लोक लोटले आणि पाहुण्यांची चंगळ झाली. एडिनबरोच्या गोठून दगड झालेल्या मैदानावर स्कॉटलंड मध्यंतराला ७-६ ने पुढे होता. शेवटच्या मिनिटांत जॉर्ज स्मिथ पळत सुटला आणि न्यूझीलंड १२-७ ने जिंकलं. त्या सामन्यात गॅलहरचा पाय दुखावला. त्यामुळे आठवड्याने डब्लिनमध्ये, जन्मभूमी सोडल्यावर सत्तावीस वर्षांनी, आयर्लंडविरुद्धचा सामना त्याला बाहेरून पाहावा लागला. १५-० ने जिंकलेल्या त्या संघाचं नेतृत्व स्टेडने केलं. इंग्लंडही १५-० नेच पडलं.

उरलं वेल्स. वेल्सच्या जाणकारांनी या काळ्या संघाचा अभ्यास केला होता, आणि त्यांनीही सातच गडी स्क्रममध्ये ठेवून एक मोकळा ठेवायचं ठरवलं. १६ डिसेंबरला कार्डिफ आर्म्स पार्कवर सत्तेचाळीस हजार लोक जमले. न्यूझीलंडने ‘हाका’ हा माओरी नाच केला, पाय आपटत, छाती ठोकत. त्याला उत्तर म्हणून वेल्सचा टेडी मॉर्गन याने राष्ट्रगीत सुरू केलं आणि सगळं मैदान गाऊ लागलं. खेळाच्या सामन्याआधी राष्ट्रगीत म्हणण्याची प्रथा इथून पडली, असं मानतात.

स्टेड आजारी होता. पंच जॉन डॅलस स्कॉटिश, तरुण. गॅलहरने स्क्रममध्ये चेंडू टाकला की त्याची शिट्टी वाजे. पुन्हा टाकला, पुन्हा शिट्टी. अखेर गॅलहरने आपल्या पुढच्या फळीला सांगितलं, चेंडूसाठी झगडूच नका, त्यांना घेऊ द्या. म्हणजे निदान दंड तरी होणार नाही. संघाचं सगळ्यात धारदार हत्यार त्याने स्वतः म्यान केलं. याबद्दल त्याला दोष देणारे आजही आहेत. मला वाटतं त्याच्यापुढे बरा पर्याय नव्हता, पण सामना तिथेच निसटू लागला हेही खरं. पूर्वार्धात वेल्सच्या डिकी ओवेनने उजवीकडे जातोय असं दाखवून चेंडू डावीकडे फेकला, तो हातोहात मॉर्गनकडे पोचला आणि मॉर्गनने कोपऱ्यात टेकवला. ३-०.

उत्तरार्धात बॉब डीन्स रेषेवर झेपावला. टेकवला म्हणावं तर वेल्सच्या खेळाडूंनी त्याला मागे खेचलं होतं; खेचण्याआधी टेकवला होता, असं तो म्हणे. साध्या बुटांत धावणारा डॅलस मागून पोचला आणि त्याने ट्राय नाकारला. सामना ३-० वरच संपला. डीन्सने दुसऱ्या दिवशी ‘डेली मेल’ला तार करून आपला दावा सांगितला, आणि तो वाद शंभर वर्षं चालला. गॅलहरने मात्र त्याच संध्याकाळी सांगून टाकलं की चांगला संघ जिंकला. पंचाबद्दल त्याने तक्रार केली नाही, ना तेव्हा ना मायदेशी परतल्यावर झालेल्या स्वागतात. त्या दिवशीची त्याची जर्सी वेल्सचा फॉरवर्ड चार्ली प्रिचर्ड याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या राहिली. २०१५ मध्ये कार्डिफच्या लिलावात तिला एक लाख ऐंशी हजार पौंड आले. प्रिचर्ड १९१६ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्सच्या आघाडीवर जखमी होऊन मेला.

ब्रिटिश बेटांवर ३२ सामने, ३१ विजय, ८३० गुण विरुद्ध ३९. पॅरिसमध्ये फ्रान्सला त्यांच्या पहिल्यावहिल्या कसोटीत ३८-८ ने हरवून, अमेरिकेमार्गे संघ मार्च १९०६ मध्ये ऑकलंडला उतरला तेव्हा पंतप्रधान स्वतः धक्क्यावर होते. योगायोग असा की त्याच फेब्रुवारीत मुंबई जिमखान्याच्या मैदानावर हिंदूंच्या क्रिकेट संघाने युरोपियनांना हरवलं होतं, पालवणकर बाळूंच्या गोलंदाजीच्या जोरावर. दोन्ही विजय एकाच साम्राज्यातले, पण अर्थ वेगळे. मुंबईत जिंकलेले लोक राज्यकर्त्यांना सांगत होते की आम्ही तुमच्याहून कमी नाही. न्यूझीलंडचे गोरे वसाहतकार सांगत होते की आम्हीच खरे ब्रिटिश, तुमच्याहून सरस. त्यांचा अभिमान साम्राज्याच्या विरोधात नव्हता, साम्राज्याच्या पोटातला होता. आणि आठ वर्षांनी लंडनने हाक दिली तेव्हा तो अभिमानच त्यांना जहाजावर चढवणार होता.

दौऱ्याचा एक परिणाम लगेच दिसला. खेळाडूंना दिवसाला तीन शिलिंग भत्ता मिळाला आणि मंडळाच्या तिजोरीत हजारो पौंड पडले. हा हिशेब सगळ्यांनी पाहिला होता. १९०७ मध्ये जॉर्ज स्मिथसारखे काही खेळाडू अल्बर्ट बास्करविल याने उभारलेल्या व्यावसायिक संघाबरोबर इंग्लंडच्या उत्तरेत खेळायला गेले, आणि त्यातून दक्षिण गोलार्धात रग्बी लीगचं बीज पडलं. गॅलहर त्या वाटेने गेला नाही. त्याने आणि स्टेडने मिळून आपल्या पद्धतीवर एक जाडजूड पुस्तक लिहिलं, त्यासाठी दोघांना पन्नास-पन्नास पौंड मिळाले. बराचसा मजकूर स्टेडच्या लेखणीचा. डाव, जागा, आकृत्या, सगळं त्यांनी उघड करून टाकलं.

खेळाडू म्हणून तो तिथेच थांबला. १९०६ मध्ये नेली फ्रान्सिसशी त्याचं लग्न झालं, दोन वर्षांनी मुलगी नोरा झाली. शनिवारी मात्र तो मैदानावर असायचाच. ऑकलंडचा निवडकर्ता आणि प्रशिक्षक म्हणून त्याने जो संघ बांधला त्याने प्रांतांच्या संघांमधली रॅनफर्ली शील्ड १९१३ पर्यंत आपल्याकडे ठेवली. १९०७ पासून तो राष्ट्रीय निवडकर्ताही होता.

ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध सुरू झालं. जेमतेम अकरा लाख वस्तीच्या न्यूझीलंडने सुमारे एक लाख माणसं समुद्रापार पाठवली. अठरा हजारांच्या घरात परत आली नाहीत. रग्बी क्लब रिकामे झाले. गॅलहर चाळिशी ओलांडलेला, बायकोमुलीचा माणूस, एक युद्ध आधीच पाहिलेला. त्याला कोणी बोलावणार नव्हतं. सक्तीच्या भरतीचा कायदा १९१६ च्या ऑगस्टचा. तरी त्या वर्षीच्या मे महिन्यात त्याने नाव दिलं.

यावर एक कथा घट्ट बसली आहे: धाकटा भाऊ डग्लस फ्रान्समध्ये मारला गेला, म्हणून सूड घ्यायला डेव्ह निघाला. तारखा तसं सांगत नाहीत. डग्लस ऑस्ट्रेलियन पलटणीत कंपनी सार्जंट मेजर होता. तो ३ जून १९१६ ला लावांतीजवळ पडला. डेव्हने त्याआधीच नाव नोंदवलं होतं. बातमी आली तेव्हा तो बोलावण्याची वाट पाहत होता. सूडाची गोष्ट ऐकायला बरी वाटते. मला उलट ती त्याला लहान करणारी वाटते. दहा वर्षं ज्या तरुण पोरांची त्याने निवड केली, ज्यांना कुठे उभं राहायचं हे शिकवलं, ती एकामागून एक जात होती. आपण मागे राहायचं, हे त्याला पटलं नसणार. चरित्रकार मॅट एलियट याचाही कौल सूडापेक्षा कर्तव्याच्या बाजूने आहे. पण तो निर्णय नेलीला आणि सात वर्षांच्या नोराला काय देऊन गेला, हेही त्याच तागडीत ठेवायला हवं.

ट्रेंटहॅमच्या छावणीत शिक्षण घेऊन फेब्रुवारी १९१७ मध्ये ‘अपारिमा’ जहाजाने तो निघाला. जहाजावरच्या क्रीडा समितीत तो होताच. इंग्लंडमध्ये स्लिंग छावणीत काही काळ काढला, सार्जंटची पट्टी पुन्हा दंडावर चढली, आणि ऑकलंड रेजिमेंटच्या दुसऱ्या बटालियनबरोबर तो बेल्जियममध्ये पोचला. न्यूझीलंडच्या सैनिकांनी जूनमध्ये मेसीन जिंकलं होतं, पण तिथेच जॉर्ज सेलर्स, रेग टेलर आणि जेम्स मॅकनीस यांच्यासारखे ऑल ब्लॅक्स गमावले होते. पुढचं लक्ष्य पॅशनडेलची टेकडी. ऑगस्ट-सप्टेंबर सरावात गेले: तोफांच्या माऱ्यामागे किती पावलांवर चालायचं, कुठल्या खुणेला थांबायचं, कोणत्या तुकडीने पुढे निघायचं.

४ ऑक्टोबर १९१७, सकाळी सहा. पावसाची भुरभुर. ब्रोडसाइंडच्या लढाईत न्यूझीलंडच्या वाट्याला ग्रावेनस्टाफेलचा चढ होता. जर्मनही त्याच पहाटे हल्ल्याला सज्ज होऊन पुढच्या खंदकांत दाटीने उभे होते; ब्रिटिश तोफांचा मारा थेट त्यांच्यावर पडला. चढ काही तासांत हाती आला, हजारावर कैदी सापडले. सैनिकी भाषेत लख्ख विजय. त्याची किंमत म्हणून तीनशेहून अधिक न्यूझीलंडर मेले. सार्जंट गॅलहरच्या पोलादी टोपातून तोफगोळ्याचा तुकडा आरपार डोक्यात घुसला. ऑस्ट्रेलियन वैद्यकीय पथकाच्या तंबूत त्याच दिवशी त्याने प्राण सोडला. पोपरिंग गावाबाहेरच्या नाइन एल्म्स दफनभूमीत त्याची कबर आहे. दगडावर वय ४१ कोरलेलं आहे. तो ४३ वर्षांचा होता.

४ ऑक्टोबरच्या यशाने सेनापतींना वाटलं की शत्रू मोडकळीला आला आहे. पाऊस वाढला, तोफा चिखलात रुतल्या, तारांची कुंपणं तुटली नव्हती, तरी आठ दिवसांनी, १२ ऑक्टोबरला, त्याच विभागाला पुन्हा चढाईला पाठवलं. त्या सकाळच्या हल्ल्यात आठशे चाळीसहून अधिक न्यूझीलंडर मेले, आणि हाती जवळजवळ काहीच आलं नाही. त्या देशाच्या इतिहासातला एका दिवसातला सगळ्यात मोठा संहार तो हाच. गॅलहर मारला गेला त्या विजयातूनच ही चूक निपजली, म्हणून दोन्ही तारखा एकत्र वाचायला हव्यात. पुढच्या एप्रिलमध्ये त्याचा आणखी एक भाऊ, हेन्री, फ्रान्समध्ये पडला. हेन्रीचा जुळा भाऊ चार्ल्स गॅलिपोलीत जबर जखमी होऊनही वाचला होता.

पहिल्या महायुद्धात एकूण तेरा ऑल ब्लॅक्स मारले गेले. १९०५ च्या संघातला एरिक हार्पर १९१८ मध्ये पॅलेस्टाइनमध्ये मेला. त्याचं नाव आज रग्बीवेड्यांनाही चटकन आठवत नाही. गॅलहरचं मात्र सगळीकडे आहे. ऑकलंडच्या क्लबांमध्ये १९२२ पासून गॅलहर शील्डसाठी झुंज होते. फ्रान्स आणि न्यूझीलंड २००० सालापासून त्याच्या नावाच्या चषकासाठी खेळतात. डॉनिगॉलमधल्या लेटरकेनीच्या मैदानाला त्याचं नाव आहे, ऑकलंडच्या ईडन पार्क मैदानाबाहेर २०११ मध्ये त्याचा पुतळा उभा राहिला. स्मारकांनी त्याला साम्राज्याचा, मग राष्ट्राचा वीर केलं, आणि त्या नादात दुसरं बरंच काही बाजूला पडलं: काटीकाटीची हिसकावलेली जमीन, आठवड्याला दोन पौंडांवर घर ओढणारी मास्तरीण, आणि मोच्याचं काम करणारा स्टेड, ज्याच्याशिवाय १९०५ घडलं नसतं.

खेळात काय उरलं ते पाहायला स्मारकाची गरज नाही. ज्या विंग-फॉरवर्डवरून त्याला लबाड म्हटलं गेलं, ती जागा १९३२ मध्ये नियम बदलून कायमची बंद झाली. न्यूझीलंडला नाइलाजाने तीन माणसांची पुढची फळी स्वीकारावी लागली. पण स्क्रममध्ये प्रत्येकाने आपल्या ठरलेल्या जागी उभं राहायचं आणि त्याच जागेचं कसब शिकायचं, ही पद्धत ब्रिटननेही उचलली, आणि आज जगात कुठेही रग्बीचा संघ उभा राहतो तो तसाच उभा राहतो.